डोहाच्या लेकी आणि आमच्या बाई

आमच्या मत्स्यबीज केंद्रावर कुठलीही बैठक शेणाच्या पाटीपासून सुरू व्हायची.

तळ्यातल्या पाण्यात माशांचं खाणं आपोआप तयार व्हावं म्हणून शेण कालवून सोडतात. रोजचं ते काम मजूर करायचे. पण पाहुणा आला, मग तो पुण्याचा असो, दिल्लीचा असो की परदेशातला, केंद्र चालवणाऱ्या आमच्या बाई त्याला आधी तळ्याच्या बांधावर नेत, पाटी त्याच्या पुढ्यात सरकवत आणि म्हणत, "हात घाला. मग बोलू."

हंगेरीहून आलेले प्रोफेसर तेव्हा सत्तरीला टेकले होते. त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला, बाह्या दुमडल्या आणि कोपरापर्यंत हात घालून शेण कालवलं. व्हिएतनामच्या संशोधक बाई त्यांच्याही पुढच्या निघाल्या. त्यांनी चिमूटभर शेण नाकाशी नेलं आणि हे फार ओलं आहे, आमच्याकडे आधी सुकवतात, असं स्पष्ट सुनावलं. आमच्या बाईंना इतका आनंद झाला, की बैठकीचा विषय बाजूला राहिला आणि तासभर वाद शेणावरच चालला. खात्याचे मोठे साहेब मात्र रुमाल नाकाला लावून लांब उभे होते.

"मॅडम, मला ॲलर्जी आहे."

"मग तुमी सावलीत बसा, साहेब. आमचं काय ठरलं ते मागनं सांगते."

साहेब सावलीत बसले. मी, बाईंचा सहायक, त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणालो, "माफ करा सर."

मला ती सवयच आहे. लहानपणापासून जगात काहीही बिघडलं की त्यात आपला हात असणार असं मला वाटत आलं आहे. गर्दीत दुसऱ्यानं माझ्या पायावर पाय दिला तरी 'सॉरी' मीच म्हणतो. बाई मला सगळ्यांसमोर 'माफीसाहेब' म्हणत. "माफीसाहेब, जन्माला आलात तवा सुईणीला पण सॉरी म्हणाला असाल तुमी."

शेणाच्या पाटीबद्दल मी त्यांना एकदा विचारलं होतं. मोठ्या माणसांना असं करायला लावणं बरं दिसतं का, असं काहीतरी. त्या जाळं दुरुस्त करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या आज्यानं गावच्या पाण्याला हात लावला म्हणून त्याला हाणलं व्हतं, राव. आता मी लोकांना हात घालायला लावते. तुमाला त्यात वाईट काय दिसलं?"

त्याही प्रश्नाबद्दल मी माफी मागितली असणार.

बाई जुन्नरजवळच्या एका गावच्या, तिथल्या बौद्ध वस्तीतल्या. मत्स्यशास्त्र शिकलेल्या आणि वर्षभर हंगेरीत राहून मत्स्यबीज तयार करण्याचं तिकडचं तंत्र शिकून आलेल्या. इंग्रजी चांगलं, हंगेरियन भांडण्यापुरतं. पण केंद्रावर बोलायच्या ते गावाकडचंच. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली आणि पायात पुरुषी गमबूट. घोडेगावच्या बाजारात, पंचायत समितीत, एकदा तर भाचीच्या लग्नात त्या त्याच बुटांवर गेल्या. माणसाला कधी 'चुकलं' म्हणाल्या नाहीत. मात्र हाताळताना एखादा मासा दगावला, की त्याला हातात घेऊन मोठ्यानं म्हणायच्या, "चुकलं माझं." मग माझ्याकडं वळून, "जिथं मागायची तिथं माफी मागावी माणसानं. तुमी सगळी साहेबांवर उधळताय."

केंद्र आंबेगाव तालुक्यात, धरणाच्या खालच्या अंगाला होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. केंद्रावर फोन होता, पण तो बहुतेक बंद. फॅक्स यायचे घोडेगावच्या एसटीडी बूथवर, आणि बूथवाला ते आधी स्वतः वाचायचा. इंग्रजी त्याचं दहावीपुरतं, उत्साह मात्र अफाट. बाई बाजारात दिसल्या की हा दुकानातून ओरडायचा, "बाई, तुमच्या बुडापेस्टवाल्याची मादी मेली! आणि व्हिएतनामला पूर आलाय!" चार माणसं थबकायची. बाई तिथूनच विचारायच्या, "कोणती मादी? नंबर काय दिलाय?" बूथवाला कागद डोळ्याजवळ नेऊन नंबर वाचायचा आणि सगळा बाजार ऐकायचा. असा आमचा आंतरराष्ट्रीय पत्रव्यवहार चाले. त्यात गुप्त असं काही उरत नव्हतं, आणि बाईंना त्याची खंतही नव्हती. "आपण काय अणुबाँब करतोय व्हय?" त्या म्हणायच्या.

नारायणगावापासून रस्त्यानं गोरा माणूस दिसला, की लोक त्याला खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवाल्यांचा पाहुणा समजून खोडदची वाट दाखवायचे. आमचे प्रोफेसर दोनदा असे खोडदला पोचले. दुसऱ्यांदा तर त्यांनी तिथे चहा पिऊन, त्या अवाढव्य ताटल्या नीट पाहून घेतल्या आणि आम्हाला येऊन सांगितलं, की तुमच्याकडे आकाशातलं ऐकायला एवढी सोय आहे, पाण्यातलं ऐकायला कुणीच कसं नाही? बाई म्हणाल्या, "मी हाय की."

तर, तीन देशांचा मिळून हा प्रकल्प होता. कार्प माशांचं बीज काचेच्या उभ्या भांड्यांत उबवण्याचं कौशल्य हंगेरीचं. शेण, बदकं आणि मासे एकाच तळ्यात सांभाळायची रीत व्हिएतनामची. आणि आमच्याकडून खडस मासा. डोंगरातल्या नद्यांमध्ये राहणारा, सोनेरी खवल्यांचा, हातभर वाढणारा. नद्या अडल्या, जाळी बारीक झाली आणि खडस दिसेनासा झाला. तो पैदा करता येईल का, तळ्यात वाढवता येईल का, हे तिघांनी मिळून शोधायचं होतं. जमलं तर आमच्या केंद्रावर नवी प्रयोगशाळा उभी राहणार होती. तालुक्यातल्या शिकलेल्या मुलांना तिथं कामं मिळाली असती.

मिळाली नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. प्रकल्प आमच्याकडे राहिला नाही. दुसऱ्या राज्यात गेला. बाईंची बदली झाली, किनाऱ्यावरच्या एका कार्यालयात, जिथं पाणी खिडकीतून दिसायचं पण हात लावायला मिळायचा नाही. प्रयोगशाळेसाठी आखलेल्या जागेवर अजून चुन्याच्या रेघा पुसट दिसतात असं मला वाटतं. लोक म्हणतात, माझा भ्रम आहे. त्या जागेवरून जाताना मला बोचतं. बाईंना कधी बोचलं नाही. जायच्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "देणं आणि घेणं दोन्ही असलं तर सहकार्य. नुसतं दिलं तर खंडणी, नुसतं घेतलं तर भीक. आपण खंडणी बी न्हाई दिली, भीक बी न्हाई मागितली."

हे कशावरून म्हणाल्या ते सांगतो.

खडस उरला होता तो देवाच्या डोहात. घोड नदीच्या वरच्या अंगाला, घोडेगावाहून एसटीनं शेवटच्या फाट्यावर उतरून चालत जावं लागतं, अशा एका गावात नदीला खोल डोह आहे. काठावर देऊळ. डोहातला मासा कुणी धरत नाही. लोक लाह्या टाकतात आणि ते मोठे सोनेरी मासे पायरीपर्यंत येतात. त्यातल्या काही माद्या आणि नर आम्हाला हवे होते.

डोहाची राखण एका महादेव कोळी घराकडे होती. घरधनी गरीब माणूस, विचारलं की बायकोकडे बघायचा. निर्णय तिचा. गाव तिला कारभारीण म्हणे. पन्नाशीची, काटक, कपाळावर मोठं गोंदण. तिनं बाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी मादी भरली की तुमी तिला न्हेणार?"

"व्हय. केंद्रावर. अंडी काढून घेतली की आणून सोडू."

"बाळंतपण हाय न्हवं ते?"

"म्हणा तसं."

"मग बाळंतपणाला लेक म्हायेरी आणत्यात का म्हायेरातनं उचलून न्हेत्यात? कुठल्या मुलखातली रीत ही, बाई?"

मी लगेच म्हणालो, "माफ करा, आमचं चुकलंच." बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी गप्प झालो. मग त्या पायरीवर बसल्या. पाणी नीट न्याहाळलं. गार, वाहतं, नितळ पाणी. देवळामागून एक झरा येत होता.

"बरोबर हाय तुमचं," त्या कारभारणीला म्हणाल्या. "हितंच करू. मादी हितंच मोकळी करू, लगेच पाण्यात. पोरं हितंच वाढवू पोहायला लागेपर्यंत. त्यातली निम्मी तुमच्या डोहाला, निम्मी आमाला. चालंल?"

"निम्मी सासरला," कारभारीण म्हणाली. "जाऊ द्या. लेकीचा वंश वाढला पायजे. पण निम्मी म्हंजी निम्मी."

"शब्द."

परतताना मी विचारलं, "बाई, तुम्ही तर देव मानत नाही."

"न्हाईच मानत. पण हे मासं देवानं न्हाई राखलं, राव. हिनं राखलं, हिच्या सासूनं राखलं. त्यांना मी मानते. सगळ्या खात्यानं मिळून एक खडस राखला असंल तर दाखवा."

श्रावण सरता सरता काम झालं. झऱ्याचं पाणी पाटानं आणून त्यात अंडी उबवायची तबकं मांडली. प्रोफेसर काठावर गुडघे टेकून बसले होते. पँट चिखलानं माखलेली. मादीला भिजवलेल्या फडक्यात धरून बाईंनी तिच्या पोटावरून अंगठा फिरवला आणि मोहरीहून जरा मोठी, पिवळीधमक अंडी परातीत पडली. प्रोफेसरांनी नराचं पाणी त्यावर टाकून कोंबडीच्या पिसानं हलकेच ढवळलं. मादीला पाण्यात सोडण्याआधी कारभारणीनं तिची ओटी भरली. तांदूळ, सुपारी, खोबऱ्याची वाटी. खण माशाला कुठं नेसवणार? तिनं तो बाईंच्या ओटीत घातला. बाईंच्या हातात ओली मादी, अंगावर चिखल. नाही म्हणायला त्यांना हातच मोकळा नव्हता. मी त्यांच्याबरोबर सात वर्षं काम केलं. डोळे भरलेले तेवढ्यापुरतेच पाहिले, आणि लगेच त्यांनी खेकसून माझ्याकडं टॉवेल मागितला.

मग एका दुपारी वर डोंगरात जोराची सर आली आणि झऱ्याला गाळाचा लोंढा आला. आम्ही पाट वळवेपर्यंत बहुतेक तबकं गाळानं भरली. एकच वाचलं. बाई गाळातल्या अंड्यांपुढं उकिडव्या बसून कितीतरी वेळ 'चुकलं माझं' म्हणत होत्या.

अडचण अशी होती, की तिन्ही देशांत एकाच वेळी करायच्या अभ्यासाला किमान तेवढी सगळी पिल्लं लागणार होती. एक तबकभर. निम्म्यावर अभ्यास उभाच राहत नव्हता. प्रोफेसर तोवर पुण्याला गेले होते. बाईंनी घोडेगावच्या बूथवरून त्यांना फोन लावला. काचेच्या खोलीत उभ्या राहून त्या इंग्रजीत आणि हंगेरियनमध्ये ओरडत होत्या, आणि दार लागत नसल्यामुळं सगळं, फोनमधला प्रोफेसरांचा चढा आवाजसुद्धा, बाहेर ऐकू येत होतं. प्रोफेसर म्हणत होते, तू मलाही शब्द दिला होतास. बाई म्हणत होत्या, दिला होता, पण त्यांना आधी दिला होता. प्रोफेसर म्हणाले, पुढच्या वर्षी त्यांना दुप्पट दे. बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बाळंतपणाला लेक कुठनं आणू? विश्वास मेला की डोह मेला."

फोन ठेवल्यावर बूथवाला गंभीरपणे म्हणाला, "बाई, म्हातारं काय चुकीचं बोलत न्हाई पण."

"न्हाईच बोलत," बाई म्हणाल्या. "म्हणूनच तर एवढं ओरडावं लागलं."

खडसाची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर काही दिवस तबकाच्या कोपऱ्यात डोकी खुपसून पडून राहतात. मग एके दिवशी उठतात आणि पोहू लागतात. कारभारीण रोज येऊन बघायची. ज्या दिवशी पिल्लं पोहली, तो त्यांच्या जन्मापासूनचा बरोबर बारावा दिवस निघाला. बायकांना मोठं नवल वाटलं. मला नाही वाटलं, मी तसं पुस्तकात वाचलं होतं.

त्या सकाळी बाईंनी तबकात मध्ये पट्टी धरली आणि निम्मी पिल्लं एका घमेल्यात घेतली. घमेलं माझ्या हातात दिलं. "उतरा पाण्यात, माफीसाहेब." मी कमरेपर्यंत पाण्यात उतरलो आणि घमेलं हळूहळू कलतं केलं. नखाएवढी पिल्लं दगडांच्या फटीत शिरली आणि क्षणात दिसेनाशी झाली.

दुपारी साहेबांच्या दोन गाड्या फाट्यावर आल्या. साहेब, प्रोफेसर आणि दिल्लीहून खास आलेले एक वरिष्ठ अधिकारी. नव्या प्रयोगशाळेला मंजुरी द्यायची का नाही, हे त्यांच्या हातात होतं. पिल्लं त्याच संध्याकाळी न्यायची होती. प्रोफेसर आणि दिल्लीचे साहेब पायवाटेनं पुढं गेले. मोठ्या साहेबांनी मला गाडीपाशी थांबवलं. माझी पँट ओली पाहून विचारलं, "काय झालं?"

मी नेहमीसारखं सगळं सांगून टाकलं. निम्मीच आहेत, बाकी सकाळी डोहात सोडली, चुकलं सर.

साहेब चिडले नाहीत. उलट खांद्यावर हात ठेवून फार मायेनं बोलले. ते मला अजून आठवतं. "सोडली म्हणू नका. मेली म्हणा. गाळानं मेली. निसर्गापुढं कुणाचं चालतं? पुढच्या वर्षी पुन्हा करू म्हणून दिल्लीवाले मंजुरी देतील. पण मुद्दाम सोडली म्हटलं, की करार मोडला. मग प्रयोगशाळा गेली, मॅडमही गेल्या, तुम्हीसुद्धा. मॅडम ऐकणार नाहीत. तुम्ही समजूतदार आहात. तुमचं लोकांना खरं वाटतं."

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. एक शब्द बदलायचा होता. पिल्लं तर डोहातच राहणार होती. बाई वाचल्या असत्या. पायवाटेनं उतरताना मी तो शब्द मनात घोळवत होतो.

काठावर गावातल्या बायका जमल्या होत्या. दिल्लीचे साहेब बूट-मोजे काढून पायरीवर उभे होते. त्यांनी तबकात पाहिलं आणि हिंदीत विचारलं, इतनी ही? प्रोफेसरांना सगळं माहीत होतं. पण त्यांची नजर बाईंवरून हलत नव्हती आणि चेहऱ्यावर राग स्पष्ट होता.

बाई तोंड उघडणार, तेवढ्यात आमचे मोठे साहेब म्हणाले, "सर, बाढ़ में मर गयीं. बहुत दुख की बात है."

"मेली?" कारभारीण पुढं आली. तिच्या कमरेवर पितळी पाटी होती. "कोण म्हणतं मेली?"

"ताई, तुम्ही जरा थांबा..."

"थांबू कशाला? आज बारसं हाय त्यांचं. ह्या घुगऱ्या शिजवल्यात बारशाच्या. मेलेल्याच्या नावानं घुगऱ्या वाटत्यात का तुमच्यात?"

दिल्लीच्या साहेबांनी बाईंना विचारलं, या काय म्हणताहेत. बाईंनी हिंदीत नीट समजावलं, की मूल जन्माला आलं की बाराव्या दिवशी उकडलेले हरभरे आणि गहू वाटतात. जो घेतो तो म्हणतो, मूल आलं, मी साक्षी आहे. मला वाटलं होतं त्या पुढचं सगळं बोलतील, करार, शब्द, निम्मी. नाही बोलल्या. गमबूट घातलेले पाय रोवून नुसत्या उभ्या राहिल्या.

"पिल्लं दाखवा मग," आमचे मोठे साहेब म्हणाले. पाण्यात काहीच दिसत नव्हतं. मोठे खडससुद्धा माणसं पाहून खोल गेले होते.

"सव्वा म्हयना व्हायच्या आत पोर परक्याला दाखवत न्हाईत," कारभारीण म्हणाली. बायका हसल्या.

साहेबांनी माझ्याकडं बोट केलं. "सर, हे आमचे सहायक. रोज इथंच होते. यांना विचारा. बोला हो, काय झालं पिल्लांचं?"

सगळे माझ्याकडं बघू लागले. प्रोफेसरसुद्धा. मला प्रयोगशाळेच्या चुन्याच्या रेघा दिसल्या. माझ्या घरातली माणसं दिसली. बाई तेवढ्या माझ्याकडं बघत नव्हत्या, त्या पाण्याकडं बघत होत्या. त्यांनी माझ्यासाठी एवढी जागा सोडली होती, हे मला तेव्हाच कळलं.

माझी पँट अजून ओली होती. मी दोन पायऱ्या उतरून कारभारणीपुढं ओंजळ धरली.

"घाला, ताई."

तिनं ओंजळ भरली. घुगऱ्या गरम होत्या, हात भाजत होता. मी तिथंच, साहेबांच्या समोर उभं राहून, सगळ्या खाल्ल्या.